सात वर्षं दिसणारी तडजोड

आमच्या घरी दिवाळी फारशी होत नाही. गोडधोड, नवे कपडे, पाहुणे हे सगळं बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला. दिवाळी अंक मात्र वडील परभणीकडून हैदराबादला आले तेव्हापासून घरात येतात, आणि आधी कोणी वाचायचा यावरून आम्हा भावंडांत भांडणंही झालेली आहेत. त्यामुळे संपादकांचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणून बसले. त्यांना बँकेतले थरारक अनुभव हवे होते. माझ्या सबंध नोकरीत दरोडा एकदाही पडला नाही. एकदा धोक्याची घंटा वाजली होती, ती शिपायाचं कोपर लागून. तेव्हा थरार राहू द्या, मी माझ्या टेबलाबद्दल लिहिते.

शेवटची बरीच वर्षं मी कुकटपल्लीच्या शाखेत घरकर्जाच्या टेबलावर होते. कर्ज मागायला कोणी आलं की त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढायचा, हे माझं पहिलं काम. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही कुठून कुठून कर्ज घेतलं आणि हप्ते वेळेवर भरले की नाही, हे सगळ्या बँका आणि फायनान्स कंपन्या एका ठिकाणी कळवत असतात. त्याचा उतारा म्हणजे हा रिपोर्ट. माणूस म्हणून तुम्ही कसे आहात, हे त्यात नसतं. आईला सांभाळता का, शेजाऱ्याशी धड बोलता का, काही नसतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात निदान वर्तन म्हणून एक रकाना असायचा, इथे तोही नाही.

कर्ज पूर्ण फेडलं की त्याच्यापुढे 'क्लोज्ड' असं येतं. पण कधी माणूस अडचणीत येतो, हप्ते थकतात, आणि कंपनी म्हणते, जाऊ दे, एवढे एकदम द्या आणि मोकळे व्हा. उरलेले ती सोडून देते. अशी तडजोड झाली की 'सेटल्ड' येतं. ऐकायला दोन्ही शब्द सारखेच सभ्य आहेत. पण दुसऱ्याचा अर्थ आम्ही बँकवाले असा घेतो, की याने पूर्ण दिले नाहीत, आपल्यालाही देईलच असं नाही. आणि ही नोंद साधारण सात वर्षं दिसत राहते.

सातच का, हे प्रत्येक जण विचारायचा. मला माहीत नव्हतं. मी म्हणायची, साडेसातीपेक्षा सहा महिने कमी. माझा साडेसातीवर विश्वास नाही, पण गिऱ्हाइकाला समजवायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही मिळालं नाही. एका गृहस्थांनी विचारलं, "मग हिची काही शांत करता येते का?" मी म्हटलं, येते, सोडलेले पैसे भरायचे. ते म्हणाले, त्यापेक्षा साडेसाती परवडली.

तारनाक्याचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. क्रेडिट कार्डाच्या वार्षिक फीवरून त्यांनी कंपनीशी तत्त्वाचं भांडण केलं होतं. दोन वर्षं पत्रव्यवहार चालला, शेवटी कंपनी कंटाळली आणि अर्धे पैसे घेऊन गप्प बसली. मी त्यांना रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, "पण मॅडम, मी जिंकलो होतो." मी म्हटलं, "हो सर, तेच इथे लिहिलंय." ते चहा न घेताच गेले.

पण मला सांगायचं आहे ते शिंदे पतीपत्नींबद्दल. राज्याचे दोन भाग झाले त्या सुमाराची ही गोष्ट. त्या दिवसांत हैदराबादेत जिकडे तिकडे वाटणी चालली होती. आमच्या प्रादेशिक कार्यालयाचेही दोन तुकडे होणार होते. फायली कोणाकडे, कपाटं कोणाकडे, माणसं कोणाकडे, यावर बैठका होत. एका पंख्यावर कोणीतरी खडूने 'विजयवाडा' असं लिहून ठेवलं होतं. पंखा उन्हाळाभर इथेच फिरत राहिला. किनाऱ्याकडच्या लोकांपैकी काही जण घरं विकून आपल्या मुलखात परतायला लागले होते, आणि माझ्या टेबलासमोरची रांग एकाएकी वाढली.

दिगंबरराव शिंदे त्याच रांगेत आले, सोबत पत्नी सुशीलाबाई. दोघंही उदगीरकडच्या शेतकरी घरातली. दिगंबरराव कुकटपल्लीच्या एका औषधाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. सुशीलाबाई घरातूनच खानावळ चालवायच्या. महाराष्ट्रातून इकडे नोकरीला आलेली पंचवीस-तीस पोरं त्यांच्याकडे दोन्ही वेळा जेवत. मीही कधी डबा विसरले की तिथूनच मागवायची. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी अशी, की दुपारनंतर काम होत नसे.

त्यांचे घरमालक राव गारू, तेलुगूतलं गारू म्हणजे आपलं साहेब, वरच्या मजल्यावर राहायचे. ते विजयवाड्याला मुलाकडे निघाले होते, आणि दोन्ही फ्लॅट विकून तिकडे घर बांधायचं त्यांच्या मनात होतं. शिंद्यांना ते म्हणाले, खालचा फ्लॅट घेण्याचा पहिला हक्क तुमचा, दसऱ्यापर्यंत थांबतो. भाव वाजवी होता. शिंद्यांकडे थोडीफार शिल्लक होती, बाकीचं कर्ज पाहिजे होतं. फ्लॅट दुसऱ्या कोणी घेतला तर घर तर जाणारच, पण खानावळही जाणार. पोरं लांब कशाला चालत येतील? आणि तीस जणांची भांडी कुठला नवा घरमालक खपवून घेईल?

मी रिपोर्ट काढला. दिगंबररावांचं पाच वर्षांपूर्वी मिटलेलं एक कर्ज दिसलं. खानावळीसाठी फ्रीज आणि मोठा ग्राइंडर घ्यायला एका फायनान्स कंपनीकडून घेतलेलं. पुढे शब्द, सेटल्ड.

"हे काय झालं होतं?" मी विचारलं.

दिगंबररावांचा चेहरा खुलला. तो प्रसंग सांगायला त्यांना फार आवडायचा, हे मला नंतर कळलं.

दिगंबरराव म्हणजे भाव करण्यात अख्ख्या कुकटपल्लीत नावाजलेले. चारमिनारला बांगड्या घ्यायच्या असल्या की आमच्या मराठी मंडळातल्या बायका त्यांनाच बरोबर नेत. दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करायची, दोनदा नाक मुरडायचं, तिसऱ्यांदा उठून चालू लागायचं. दुकानदार हाक मारतोच. तर कारखान्यात मध्यंतरी टाळेबंदी झाली, तेव्हा त्यांचे काही हप्ते थकले. टाळेबंदी उठली, मागचा पगार हातात आला. दिगंबरराव सगळे पैसे एकदम भरायच्या तयारीत होते. तेवढ्यात वसुलीवाला मुलगा दारात आला.

"त्यानं म्हटलं, अंकल, एकदम देता तर थोडं कम करून देतो," दिगंबरराव सांगत होते. "मी म्हटलं, थोडं म्हंजे कित्ता? बसवला की त्याला. दोन चहा पाजले. तो खाली येईना. मग मी उठलो आन् चालाय लागलो."

"कुठे?"

"बाहेर. दाराच्या बाहेर."

"तुमच्याच घरातून?"

"हौ. जिन्यापर्यंत गेलो. मारली की त्यानं हाक."

एक तृतीयांश रक्कम सुटली. ही कहाणी त्यांनी मंडळाच्या गणपतीत स्टेजवरून सांगितली, आणि टाळ्या पडल्या. त्यांचं ऐकून आणखी काही जणांनी आपापली कर्जं अशीच 'कम करून' घेतली. ती मंडळी पुढे एकेक करून माझ्यासमोर येऊन बसली, पण ते असो. खिशात पूर्ण पैसे असताना केवळ भाव करायची संधी सोडवेना म्हणून रिपोर्टावर डाग लावून घेणारे लोक मी आमच्या गावाबाहेर पाहिले नाहीत.

मी त्यांना सांगितलं की या नोंदीवर बँक घरकर्ज देत नाही, आणि ती अजून दोन वर्षं दिसणार. दिगंबरराव हसत होते, ते थांबले. मग म्हणाले, "पण मी फसवलं नाही कुणाला. त्यानंच हाक मारली."

सुशीलाबाई पुढे सरकल्या. त्या म्हणाल्या, "यांचं राहू द्या. माझ्या नावावर द्या. खानावळ माझी हाय."

मी त्यांचाही रिपोर्ट काढला. कोरा निघाला. त्यांनी आयुष्यात कधी कर्ज घेतलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं. खानावळीचे पैसे रोख येत आणि रोखच जात. नवऱ्याची नोंद वाईट आणि बायकोची नोंदच नाही, अशी ती फाइल होती.

"कामून नाही?" त्यांनी विचारलं. "अठरा वर्षं झाली त्या घरात. टाळेबंदी होती तवा बी पाच तारखेच्या आत भाडं दिलंय. गळ्यातलं मोडलं, पण दिलं. ते कुठं लिहिलंय?"

"कुठेच नाही," मी म्हटलं.

"आन् यांनी एकदा भाव केला, ते सात वर्षं?"

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. खरंच समजून घेत होत्या. मी रोज लोकांना हे नियम सांगायची आणि मला ते रास्तच वाटायचे. त्या दिवशी मला स्वतःच्या टेबलाची लाज वाटली.

मी प्रादेशिक कार्यालयाला टिपण लिहिलं. बँकेत अपवाद म्हणून कर्ज देता येतं, फक्त वरच्या साहेबांची सही लागते. वाटणीमुळे साहेब नक्की कोणत्या राज्याचे आहेत हे ठरेपर्यंत टिपण दोन आठवडे फिरत राहिलं. मग उत्तर आलं की भाड्याच्या पावत्या जोडा. राव गारूंनी पावती कधी दिलीच नव्हती. घरच्या माणसांत कसली पावती, असं ते म्हणत.

मी सुशीलाबाईंना हे सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी राव गारू स्वतःच शाखेत हजर. पांढरी लुंगी, पांढरा शर्ट, हातात छत्री.

"मैं बोल रहा ना मॅडम," ते म्हणाले. "अठारह साल. एक बार भी मांगने को नीचे उतरना नहीं पड़ा. फोन लगाव, मैं बोलता."

मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "हे तर फ्लॅट विकणारे. कर्ज झालं तर पैसे यांनाच मिळणार. यांच्या शब्दाला पुरावा कसा म्हणायचं?" त्यात चूक काहीच नव्हती, म्हणून मला जास्त राग आला. राव गारूंना मी हे जमेल तेवढ्या सौम्य भाषेत सांगितलं. ते उठले. सुशीलाबाईंना ते अम्मा म्हणत. "अम्मा को बोल देता," एवढंच म्हणाले, आणि जाताना छत्री विसरून गेले.

आता एकच रस्ता उरला, वेळखाऊ म्हणून मी टाळलेला. सोडलेले पैसे भरायचे, म्हणजे कंपनी ती नोंद बदलून 'क्लोज्ड' करते. दिगंबरराव तयार झाले. पण ते मला म्हणाले, "तुम्ही बी चला मॅडम. मला एकट्याला नाही जमायचं." बँकेच्या अधिकाऱ्याने गिऱ्हाइकाबरोबर हिंडणं नियमात बसत नाही. शनिवारी अर्धा दिवस असायचा. मी गेले.

ती फायनान्स कंपनी एव्हाना राहिली नव्हती. तिची जुनी कर्जं दुसऱ्या कंपनीने घेतली होती आणि दुसऱ्या कंपनीचं ऑफिस नुकतंच तिसऱ्या ठिकाणी हललं होतं. आम्ही दोन पत्ते पालथे घालून तिथे पोचलो. टाय लावलेल्या एका मुलाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"सर, आपका खाता तो बंद है. कुछ देना नहीं है."

"देना है," दिगंबरराव म्हणाले.

"नहीं है सर."

"अरे है. मेरेकू मालूम है."

हे काही वेळ चाललं. पैसे द्यायला आलेला माणूस त्या ऑफिसात यापूर्वी कोणी पाहिला नसावा. मुलगा आत जाऊन वरिष्ठांना विचारून आला. सोडलेली रक्कम शेवटी सापडली. मग तो सवयीप्रमाणे खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाला, "सर, आधा कर देते हैं. आज के आज दे दीजिए, मामला खतम."

दिगंबररावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"पूरा लो," ते म्हणाले.

"सर, अच्छा, उससे भी थोड़ा कम..."

"पूरा लो बोला ना बाबा." आणि ते उठले आणि दाराकडे चालू लागले. त्या मुलाने हाक मारली. दिगंबरराव परत आले, आणि त्याने पूर्ण रक्कम घेतली.

बाहेर आल्यावर ते फुटपाथवर थोडा वेळ उभे राहिले. मला वाटलं, त्यांना गरगरतंय. "आजपर्यंत कुणाला पूर्ण भाव दिला नव्हता मॅडम," ते म्हणाले. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. उसाचा रस घेतला, त्याचेही पैसे त्यांनी गाडीवाल्याने सांगितले तेवढेच दिले.

नोंद बदलायला महिना-दीड महिना लागतो. ती कंपनी कळवणार, मग रिपोर्टवाले तपासणार, मग बदलणार. मी दर सोमवारी फोन करत होते आणि दर सोमवारी 'प्रोसेसमध्ये आहे' हे ऐकत होते. दसरा आला. राव गारूंनी वाट पाहिली. दिवाळीपर्यंत पाहिली. तिकडे त्यांच्या मुलाने बांधकाम सुरू केलं होतं आणि गवंडी पैशासाठी अडून बसले होते. शेवटी एका जोडप्याने दोन्ही फ्लॅट मिळून घेतले. त्यांना खालचा भाग स्वतःला राहायला हवा होता.

हे सांगायला राव गारू सुशीलाबाईंकडे गेले आणि खानावळीच्या बाकावर बसून रडले म्हणतात. सुशीलाबाईंनी त्यांना जेवायला वाढलं.

त्यानंतर बाराव्या दिवशी रिपोर्ट बदलला. 'क्लोज्ड.' मी तो छापून दिगंबररावांना दिला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. "आता कर्ज मिळल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मिळेल. "कशाला पण?" ते म्हणाले. आसपासच्या घरांचे भाव तोवर त्यांच्या आवाक्याबाहेर गेले होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

नोकरीत मी पुष्कळ कर्जं मंजूर केली. त्यांतली कितीतरी बुडाली, आणि त्या सगळ्यांचे रिपोर्ट उत्तम होते. हे एक नामंजूर झालेलं मात्र मी विसरू शकले नाही.

मी निवृत्त झाले त्या वर्षी सुशीलाबाईंनी जेवायला बोलावलं. नवं घर दोन गल्ल्या सोडून, भाड्याचंच. स्वयंपाकघर लहान होतं, पण मागे गच्ची होती आणि तिच्यावर पत्रे टाकून पोरांची पंगत बसत होती. निम्मी जुनी, निम्मी नवी. दिगंबरराव वाढत होते.

"हे घर कसं मिळालं?" मी विचारलं. "तीस जणांची खानावळ म्हटल्यावर कोणी दारात उभं करत नसेल."

"नव्हतेच करत," सुशीलाबाई म्हणाल्या. "सात घरं बघितली. हा मालक बी नक्कोच म्हणत होता. मग त्यानं विचारलं, आधी कुठं होता, भाडं वेळेवर द्यायचा का? मी म्हटलं, माझ्याकडं कागद नाही, त्यांनाच फोन लावा. लावला त्यानं विजयवाड्याला. राव गारू तेलुगूत इतकं बोलले, इतकं बोलले, मालक नुसता हौ हौ करतोय. फोन ठेवला आन् चावी दिली. अॅडव्हान्स बी नाही घेतला."

आमच्या बँकेला जो पुरावा चालला नव्हता, तो इथे चालला. मला बरं वाटलं आणि थोडा हेवाही वाटला. मी ताटातली भाकरी मोडत बसले. मग सुशीलाबाईंनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते. उद्या हे घर बी सोडावं लागलं, तर राव गारूंचं ते बोलणं चालल का? किती वर्षं चालत असतं?"

हा प्रश्न मी आयुष्यभर टेबलापलीकडून ऐकला होता आणि सात वर्षं असं उत्तर दिलं होतं. राव गारूंचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलं होतं.

"ते आहेत तोवर," मी म्हटलं.

सुशीलाबाईंनी मान हलवली. "मग जपाय पाहिजे त्यांना," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन विजयवाड्याला पाठवायच्या चटणीच्या डब्याचं झाकण घट्ट लावून आल्या.